आमची वाटचाल: कपाटांकडून बाळाच्या खाटांकडे

सुरुवातीला आम्ही कपाटं आणि टेबलं करायचो. तिथे ग्राहक चकाकी बघतो, रंग जुळतो का ते विचारतो. बाळाच्या खाटा करायला घेतल्या आणि प्रश्नच बदलला: "चावलं तर?" दात येणारं मूल कठड्याला धरून उभं राहिलं की आधी तोच चावतं.

पहिल्या खाटा लाकडावर मधमाशीच्या मेणाचा थर देऊन निभावल्या. मेण निरुपद्रवी, पण मऊ. लाळेने आणि ओल्या फडक्याने लवकर उतरतं. मग जवसाचं तेल. 'बॉइल्ड' म्हणून मिळणारं तेल बहुधा नुसतं उकळलेलं नसतं. लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंची संयुगं घालतात. शुद्ध कच्चं तेल वाळायला कित्येक आठवडे घेतं. घरी करणाऱ्यांनी एवढं तरी ऐका: तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा.

ड्रॉवरच्या आत आम्ही तेल लावतच नाही, बंद जागेत कुबट वास राहतो. तिथे लाखेचं पॉलिश. स्पिरिट उडून गेलं की मागे फक्त लाख उरते, आणि तीच लाख औषधाच्या गोळ्यांवरही चढवतात. कठड्यावर मात्र ती टिकत नाही: पाण्याने पांढरे डाग पडतात, सॅनिटायझरने चिकट होते.

म्हणून कठड्याला पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा कडक थर देणारं वॉर्निश), तेही ईएन ७१-३ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या युरोपीय चाचणीला उतरलेलं. या चाचणीत पोटातल्या आम्लासारख्या द्रावणात शिसं, कॅडमियम असे १९ घटक किती उतरतात ते मोजतात. डब्यावरच्या नुसत्या 'नैसर्गिक' शब्दापेक्षा मला हा आकडा पटतो. पण चाचणी या घटकांपुरतीच. उडणाऱ्या रसायनांबद्दल ती काही सांगत नाही. त्याला उपाय वेळ हाच. हाताला कोरडं लागलं तरी थर पुरता कडक व्हायला साधारण तीन-चार आठवडे जातात, तोवर आम्ही खाट देत नाही. घाई असलेली मंडळी यावरूनच परत जातात, जाऊ देत.

जुनी रंगवलेली खाट घासून नवी करायचं काम आम्ही घेत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि घासलं की त्याची धूळ होते.