वेल्श 'पिम्प'मधला 'प' मूळचा नव्हे

वेल्शमध्ये पाचाला 'पिम्प' म्हणतात. लिहितात 'उ'ने, बोलतात 'इ'ने. शेजारी आपला 'पाच' आणि संस्कृत 'पञ्च' ठेवले की वाटतं, वेल्शने जुना 'प' जपलाय. फसगत होते ती इथेच. घराणं एकच आहे, पण हा 'प' नंतर आलेला.

संस्कृतपासून वेल्शपर्यंतच्या भाषांची समान पूर्वज ती भारोपीय. तिच्यातलं मूळ रूप *पेन्क्वे. (शब्दाआधीची * ही तारा म्हणजे लिखित पुरावा नाही, रूप तुलनेतून बांधलेलं.) वेल्श आणि आयरिश ज्या सेल्टिक शाखेतल्या, तिच्यात जुना 'प' गळाला: संस्कृत 'पितृ', पण जुन्या आयरिशमध्ये 'अथिर', संस्कृत 'पूर्ण', तिकडे 'लान'. त्या हिशेबाने इथे *एन्क्वे उरायला हवं होतं. प्रत्यक्षात आयरिश शब्द आहे 'कूइग', आरंभी चांगला ठणठणीत 'क'. म्हणजे 'प' गळण्याआधीच पुढच्या 'क्व'ने त्याला आपल्यासारखं करून घेतलं आणि आदिसेल्टिक *क्वेन्क्वे तयार झालं. नियमांचा हा क्रम उलटा लावला की शब्द जुळतच नाही. लॅटिन 'क्विन्क्वे'तही हाच बदल दिसतो. 'पच्' धातूचीही तीच गत: लॅटिनमध्ये 'कोक्वो', वेल्शमध्ये 'पोबी', म्हणजे भट्टीत भाजणं. आपलं 'पचणं' त्याचंच भावंड.

पुढे वाटा फुटल्या. आयरिशमध्ये 'क्व'चा 'क' झाला. शेजारच्या 'क्व'मुळे 'ए'चा 'ओ' झाला, 'न' गळून तो लांबला, आणि शेवटचा व्यंजन 'ग' झाला. जुनं लेखन 'कोइक' असलं तरी तो 'क' वाचायचा 'ग'च. वेल्श, कॉर्निश, ब्रेटन आणि गॉलिशमध्ये 'क्व'चा 'प' झाला. ब्रेटनमध्ये आजही 'पेम्प'.

गॉलिश म्हणजे प्राचीन फ्रान्समधली सेल्टिक भाषा. तिचा पुरावा मात्र खास आहे. दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रोफेझांकच्या कुंभारांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात भट्टीचे हिशेब थाळ्यांवर कोरून ठेवले. त्यांत 'पिन्पेतोस' म्हणजे पाचवा. प्राचीन ग्रीक वैद्य दिओस्कोरिदेसच्या वनस्पतिग्रंथात एका पाच पानी वनस्पतीचं गॉलिश नाव येतं, 'पेम्पेदुला'.

आयरिशमध्ये प्रांताला 'कूइगे' म्हणतात, मूळ अर्थ पाचवा हिस्सा. अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट असे आज प्रांत चारच. मिडे हा पाचवा केव्हाच गेला. तरी आयरिशमध्ये त्यांना 'चार कूइगे' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'चार पाचवे हिस्से'.