चमचाभर गाळ, नोंद तिसरी: चाळणीने फसवलं

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या गाळातल्या फोरॅममध्ये (कवच असलेले समुद्रातले सूक्ष्म एकपेशीय जीव) ‘ग्लोबोरोटालिया मेनार्डी’ या जातीचंच राज्य आहे. ते मागे घेतो. राज्य चाळणीचं होतं.

गाळ पूर्व अरबी समुद्राच्या खोल तळाचा, एका अभ्यासक मित्राने डबीतून दिलेला. (किनाऱ्याच्या वाळूत हे तरंगते फोरॅम शोधत बसू नका. तिथे सापडतात ते बहुतेक तळाशी राहणारे.) पहिल्यांदा तो २५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून धुतला. मेनार्डी मोठी, चपटी, कडेला जाड काठ असलेली. ती वर राहिली आणि बारीक जनता मोरीत वाहून गेली. या वेळी उरलेला गाळ १५० मायक्रॉनवर घेतला, नळ अगदी बारीक सोडला. वाळल्यावर काळ्या कागदावर पसरून, ट्रिपल झिरो या अगदी बारीक ब्रशचं ओलं टोक टेकवत एकेक कवच उचललं. ३०० मोजायचे होते. २१२ वर असताना घरात कोणीतरी पंखा लावला. मोजणी २१२ वरच थांबली.

तरी चित्र पालटलंय. मेनार्डी चौथ्या नंबरावर घसरली आणि सगळ्यात वर आली ‘ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर’. लॅटिनमध्ये रुबर म्हणजे लाल, पण आमची सगळी पांढरीफटक! गुलाबी रुबर अटलांटिकमध्ये अजून आहे. हिंदी महासागरातून ती सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीच नाहीशी झाली.

डबीत सगळी एकत्र असली तरी जगताना त्यांचे मजले वेगळे. रुबरच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, त्याला ऊन हवं, म्हणून ती वरच्या उजेडाच्या पाण्यात. मेनार्डी आणि ‘नियोग्लोबोक्वाड्रिना ड्यूटर्ट्राय’ त्याखाली, जिथे पाणी झपाट्याने गार होत जातं त्या थराच्या आसपास. ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ची ओढ मात्र खोलीपेक्षा खाण्याकडे. नैऋत्य मोसमी वारे सुटले की ओमानच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि तिथे ही बेसुमार वाढते. जुन्या पावसाळ्यांचा माग काढणारे म्हणूनच हिला मोजतात. माझ्या ताटलीत ती दुसरी.

अडलंय ते १७ नगांवर. कवचाच्या शेवटच्या वेढ्यात चार फुगीर कप्पे असले तर बुलॉइडिस, पाच-सहा असले तर ड्यूटर्ट्राय, इथवर ठीक. पण यांचा शेवटचा कप्पाच फुटलाय. तिरका उजेड टाकून पृष्ठभाग बघतोय: काट्यांची खुंटं दिसली तर बुलॉइडिस, खळगे दिसले तर ड्यूटर्ट्राय. आतापर्यंत पाच सुटले.