रिजेक्ट

'आमच्या मुलाला दोन मुलींनी रिजेक्ट केलं' असं हल्ली पुण्यात चारचौघांत सांगतात. पूर्वी याच घरांत 'पत्रिका जमत नाही' असा निरोप यायचा. ३६पैकी १८ गुण जुळले तरी चालतं, पण नको असलेल्या स्थळाचे नेमके १७ भरायचे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक असायचं आणि खापर बिचाऱ्या मंगळावर फुटायचं. संपादक लेख परत पाठवत तोही 'साभार'. (पाकिटावरचं तिकीट मात्र आपलंच.) रिजेक्टचा मूळ लॅटिन अर्थ 'मागे फेकणे', आमच्याकडे कुणी असं फेकत नसे, हळूच सरकवत.

मला हा शब्द शोभतो तो भोसरीच्या वर्कशॉपात. बुश म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी; तिचा बोअर, म्हणजे आतलं भोक, तपासायला तिथे प्लग गेज नावाचा मापाचा दांडा असतो. एका टोकाला 'गो', दुसऱ्याला 'नो गो'. पहिलं टोक आत गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. 'गो'च शिरत नसेल तर भोक लहान राहिलंय. रीमर मारून ते वाढवता येतं, पीस रीवर्कला जातो. पण 'नो गो' सुळकन आत गेला, तर संपलं. मोठं झालेलं भोक लहान कसं करणार? पीस लाल बिनमध्ये. इन्स्पेक्टर गोड बोलत बसत नाही, पण टॅगवर कारण लिहितो: 'बोअर ओव्हरसाइज'.

हिंजवडीतल्या मुलाखतीनंतर येणाऱ्या मेलचं नेमकं उलटं. गोडवा भरपूर, पुढील वाटचालीस शुभेच्छा, आणि कारणाचा पत्ता नाही. आपण कमी पडलो की जास्त झालो, हेच पोराला कळत नाही. मग रीमर मारायचा तरी कुठे? भोसरीतल्या बुशला मिळते तेवढी वागणूक इंजिनिअरला मिळायला हरकत नसावी.

कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर मात्र हा शब्द चक्क मिरवतो. 'एक्स्पोर्ट रिजेक्ट है साब', विक्रेता छाती फुगवून सांगतो. परदेशी गिऱ्हाइकाने कुठल्याशा शिलाईवरून नाकारलेला शर्ट आपल्याकडे त्या नकारावरच खपतो. आपणही तो उलटासुलटा करून, कॉलर उचलून, बटणं मोजून खोट शोधतो. नाहीच सापडली तर फसवणुकीची शंका येते: खरंच रिजेक्ट आहे ना?