तलावाचा लिलाव आणि लिलावाबाहेरचं सगळं

साकोलीहून नवेगावबांधकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, धान निसवलेलं, आणि दर दोन-तीन गावांमागं पाळीआड चमकणारं पाणी. गेल्या महिन्यात मी सिंधुदुर्गात कांदळवनं पाहून आलो होतो. तिथं ऐकलेला एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता: जे निसर्ग फुकट करतो, त्याचं मोल कोणत्या वहीत लिहायचं?

समुद्रकाठी या प्रश्नाला थोडंफार उत्तर मिळालं आहे. कांदळवन तोडलं तर लाकूड मिळतं, त्याला भाव असतो. पण त्याच मुळांत मासे आणि कोळंबीची पिल्लं वाढतात, किनारा धरून राहतो, वादळाचा जोर मोडतो. 29 ऑक्टोबर 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जिथं रुंद होता, तिथं माणसं कमी मेली. 1997 मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या अशा सेवांचं मोल वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर धरलं. तेव्हाच्या जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ते जवळजवळ दुप्पट होतं. आकड्यावर वाद पुष्कळ झाले, पण हिशेब सुरू झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, तो हिशेब मांडलेला मला कुठं दिसला नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात उतरलो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे एकेकाळी गावच्या मालगुजाराच्या, जमीनदाराच्या ताब्यातले तलाव, गोंड राजांच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाच्या हातांनी उभे राहिले. पावसाचं पाणी अडवायचं आणि उताराच्या धानाच्या बांधीपर्यंत पाटानं न्यायचं, एवढी साधी आणि एवढी पक्की रचना. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पाळ दुरुस्त करायला सारं गाव जमायचं तेही हळूहळू थांबलं.

पाळीवर ढीवर या मासेमार समाजातल्या एक आजी जाळं सोडवत बसल्या होत्या. "आजी, तलावाचं किती येतं हो वर्षाला?"

त्यांनी लिलावात ठरलेली मासेमारीच्या ठेक्याची रक्कम सांगितली. मग जाळं खाली ठेवलं. "ते त मासोऱ्यायचं झालं, बाबू. बाकीचं कुठं लिवशील?"

मग त्या बाकीचं सांगत गेल्या. पाऊस दडी मारतो तेव्हा निसवत्या धानाला एक पाणी इथूनच. उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडत नाहीत त्या याच्यामुळं. गुरांचं पाणी, काठचा चारा, शेतात टाकायला गाळ, शिंगाडा, पोवन या पाणवनस्पतीचे कांदे. धान कापल्यावर त्याच ओलाव्यावर लाखोरीची डाळ. यातलं विकलं जातं थोडं, घरात लागतं फार. म्हणून ते कोणत्याच पावतीवर येत नाही, आणि पावती नसलेली गोष्ट गेली तरी कोणाला नुकसान दिसत नाही. तोटा मात्र आधी बायकांच्या डोक्यावर येतो, दूरच्या हंड्याच्या रूपानं.

काठावर एका बाजूला बेशरमीच्या झुडपांचं रान माजलं होतं. दुसऱ्या बाजूला बायकांनी ते मुळासकट उपटून पाणवनस्पती लावल्या होत्या. मासा अंडी घालतो ती याच झाडोऱ्यात. त्यातलं देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानधान, गेलं, तर तिथं चरणारे पक्षीही जातात. ठेका घेणाऱ्यानं फक्त मत्स्यबीज सोडून भागत नाही, हे आजींना कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला: हे पाणी मोटारीनं उपसून आणायचं तर वीज किती, बोअर किती खोल, चारा विकत किती? तिसऱ्या ओळीवरच ठेक्याची रक्कम मागं पडली.

2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये गावागावांत लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. या तलावातलं काय त्यात आलंय, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "नावं मी सांगतो, तू लिव."

वही उघडली. पहिलं नाव देवधान. मग पोवन, शिंगाडा, मरळ. संध्याकाळची एसटी येईपर्यंत दोन पानं भरली, आणि आजी अजून सांगतच होत्या.