तुम्ही विचारलंत म्हणून : ओपन डेला एकटीनं, कमी खर्चात

इंग्लंडमधल्या मराठी घरांतून जून जवळ आला की हमखास येणारा प्रश्न : "लेक इयर १२ मध्ये (वय सोळा-सतरा) आहे, पाच-सहा युनिव्हर्सिट्यांचे ओपन डे (अर्जाआधी युनिव्हर्सिटी पाहण्याचे खास दिवस) बघायचे म्हणते. एकटीला पाठवू का? आणि खर्च आवाक्यात कसा ठेवू?"

पाठवा. सोबत आई किंवा बाबा गेले की खर्च दुपटीच्याही वर जातो, कारण सोळा-सतराच्या मुलांना मिळणारी अर्ध्या भाड्याची सवलत मोठ्यांना नसते. शिवाय पुढची तीन वर्षं तिलाच तिथे राहायचंय. स्टेशनपासून कॅम्पसपर्यंतची वाट तिनंच शोधलेली बरी. फार तर पहिल्या ओपन डेला एकत्र जा, म्हणजे दिवस कसा असतो ते दोघांनाही कळेल.

सर्वांत जास्त पैसे वाचतात ते कुठे जायचं नाही हे आधी ठरवल्यानं. यूकॅस या युनिव्हर्सिटी-प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेच्या अर्जात पाच पर्याय भरता येतात, त्यातही मेडिसिनचे चारच. पाचही ठिकाणी जायची गरज नसते. जून-जुलैत दोन अगदी वेगळ्या जातीच्या जागा पाहा : एक शहरात मिसळलेली, एक गावाबाहेरच्या कॅम्पसवाली. कोणती मानवते हे कळलं की निम्मी यादी आपोआप गळते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फेरीत उरलेल्यांपैकी एखाद-दुसरी. बाकीच्यांची प्रवेशाची ऑफर हातात आली तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑफर-होल्डर डे असतातच, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना त्यासाठी प्रवासखर्च देणाऱ्या युनिव्हर्सिट्या बऱ्याच आहेत. मात्र तो आधी अर्ज करून मागावा लागतो आणि तिकिटं जपून ठेवावी लागतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेडिसिन, डेंटिस्ट्री यांचा अर्ज १५ ऑक्टोबरलाच बंद होतो. ही मंडळी यादीत असतील तर उन्हाळ्यातली फेरी चुकवू नका.

आता क्रम. आधी ओपन डेचं बुकिंग, मग आपल्या विषयाच्या व्याख्यानाची वेळ, आणि त्यानंतरच गाडीचं तिकीट. बरेच जण उलटं करतात. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेतात, गाडी पोचते साडेअकराला, आणि विषयाचं व्याख्यान सकाळी दहालाच होऊन गेलेलं असतं. मोठ्या विभागांत तेच व्याख्यान दुपारी पुन्हा होतं, लहान विभागांत होईलच असं नाही.

तिकिटाआधी कार्ड. सोळा-सतरा वयासाठी '१६-१७ सेव्हर' आहे. २०२५ साली त्याची किंमत ३५ पौंड झाली, आणि त्यावर बहुतेक गाड्यांना निम्मं भाडं पडतं. म्हणजे वर्षभरातलं मूळ भाडं ७० पौंडांवर गेलं की कार्ड वसूल. लांबच्या एका फेरीतही हे होऊ शकतं. अट एकच : अठरावा वाढदिवस आला की ते संपतं, मग वर्ष पुरं झालेलं असो वा नसो. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना शरदातल्या ओपन डेपर्यंत अठरा लागलेलं असतं. त्यांनी तेव्हा '१६-२५ रेलकार्ड' घ्यावं, त्यात एक तृतीयांश सूट मिळते. कार्ड फोनवर असेल आणि चार्जिंग संपलं तर तपासनिसाच्या लेखी कार्ड नाहीच, तेव्हा पॉवर बँक बॅगेत हवीच.

जाताना ॲडव्हान्स तिकीट घ्या. ती साधारण बारा आठवडे आधी खुली होऊ लागतात आणि जितकी लवकर तितकी स्वस्त. परतीचं मात्र विचारानं घ्या. ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. आपल्याच उशिरानं ती गाडी सुटली तर तिकीट वाया. ओपन डे तीन-चारला संपतो, पण शटल बसची रांग, एखाद्या प्राध्यापकाशी लांबलेलं बोलणं, पाऊस, यात तासभर सहज जातो. म्हणून परतीची गाडी निदान दीड-दोन तासांनंतरची धरा. नाहीतर थोडे जास्त पैसे मोजून ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून चालणारं) तिकीट घ्या, त्यात पुढच्या गाडीनंही येता येतं. हे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत, असं माझं ठाम मत आहे. मूल तिथे घड्याळाकडे बघत बसलं तर सगळी खेपच फुकट.

प्रवासाचे तुकडे करून दोन तिकिटं काढली तर कधीकधी एकापेक्षा स्वस्त पडतात. नियमात बसतं ते, फक्त जिथे तुकडा पाडलाय त्या स्टेशनवर गाडी थांबणारी हवी. कोच म्हणजे लांब पल्ल्याची बस आणखी स्वस्त, पण लंडनहून मँचेस्टरला गाडीनं सव्वादोन तास लागतात तिथे कोचला पाच. एका दिवसात जाऊन-येऊन ते जमत नाही. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते. ओपन डे बहुधा शनिवारी असतो, तरी आदल्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा तपासा. गाडीला उशीर झालाच तर 'डिले रीपे' (उशिराची भरपाई) मागा, त्याची मुदत २८ दिवसांची असते.

नावावर जाऊ नका. वॉरिक युनिव्हर्सिटी वॉरिकमध्ये नाही, कॉव्हेंट्रीच्या कडेला आहे. उतरायचं कॉव्हेंट्रीला. सेंट अँड्रूजला रेल्वे स्टेशनच नाही, लुकर्सला उतरून बस धरावी लागते. ससेक्ससाठी ब्रायटनच्या पुढचं फाल्मर. एक्सेटरचे काही अभ्यासक्रम थेट कॉर्नवॉलमधल्या पेन्रिनला चालतात. नॉटिंगहॅमचं पशुवैद्यकीय सटन बॉनिंग्टनला. कोर्सच्या पानावर कॅम्पसचं नाव बघूनच तिकीट काढा.

मुक्काम शक्यतो टाळा. टळत नसेल तर बुकिंगआधी वयाची अट वाचा. अठराखालच्या एकट्या मुलांना खोली न देणारी हॉटेलं आणि हॉस्टेलं बरीच आहेत, आणि ते रात्री काउंटरवर कळलं तर फार पंचाईत होते. एका मार्गावरच्या दोन जागा शुक्रवार-शनिवार जोडता आल्या तर एका मुक्कामात दोन्ही होतात. लेस्टर, लफबरा, नॉटिंगहॅम असे गट आहेत. एका दिवसात दोन मात्र नकोत, दोन्ही अर्धवट राहतात. शुक्रवारसाठी शाळेची परवानगी आधी घ्या. एकटीच्या प्रवासात गाडीत कुणी त्रास दिला तर ६१०१६ वर मेसेज केला की रेल्वे पोलिसांपर्यंत पोचतो. हा नंबर फोनमध्ये असू द्या. डब्यात दशम्या आणि कोरडी चटणी. कॅम्पसवर त्या दिवशी खाण्याच्या रांगा लांब असतात.

तिथे गेल्यावर राहण्याच्या जागेचं आठवड्याचं भाडं विचारून थांबू नये, करार किती आठवड्यांचा तेही विचारावं. १६० पौंडांची खोली ४२ आठवड्यांना ६७२० पौंडांना पडते. १५० ची 'स्वस्त' खोली ५१ आठवड्यांना ७६५०. विद्यार्थी-मदतनिसांना आठवड्यात तास किती, गट केवढे, निबंध तपासून कधी मिळतात, हे विचारावं. ती मुलं खरं सांगतात.

आणि आपल्याकडच्या अनेक घरांसाठी एक प्रश्न या सगळ्याच्या आधीचा : फी कोणती लागणार? २०२५-२६ साली इंग्लंडमध्ये होम फी (इथल्या विद्यार्थ्यांची) कमाल ९,५३५ पौंड होती, ओव्हरसीज फी (परदेशी विद्यार्थ्यांची) बहुधा तिच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते. होम फीचा मुख्य निकष म्हणजे कोर्स सुरू होताना आयएलआरसारखा कायम राहण्याचा हक्क आणि त्याआधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य. आईबाबा स्किल्ड वर्कर व्हिसावर असतील आणि आयएलआर अजून व्हायचं असेल, तर इथल्या शाळेत वाढलेल्या मुलालाही ओव्हरसीज फी लागू शकते. अपवाद आहेत, पण ते गृहीत धरू नका. ओपन डेच्या टेबलावर मिळालेलं तोंडी उत्तर बंधनकारक नसतं. फी-स्टेटस पाहणाऱ्या विभागाला तारखांसकट ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. तिकिटं त्यानंतर काढा.