आईची चक्कर आणि कानातले कण

आईने पहाटे कूस बदलली की घर गरगर फिरायचं. अर्ध्या मिनिटात थांबायचं, मळमळ मात्र उरायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, पित्त झालंय, आलेपाक दे. कान-नाक-घसा डॉक्टरांनी तिची मान वळवून तिला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं आपोआप थरथरत होती. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. तिथल्या तिथे डोकं ठरावीक क्रमाने वळवून त्यांनी ते परत जागी नेले. याला एप्ली मॅन्युव्हर म्हणतात. गोळीही लागली नाही!

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती चक्कर निराळी. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उभं राहिल्यावरचं बीपीही मोजायला सांगा.

पण चकरेसोबत जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, चालताच येईना किंवा छातीत दुखलं, तर लिंबू-सरबत करत बसू नका. १०८ ला फोन लावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात, म्हणून त्रास नेमका कधी सुरू झाला ते डॉक्टरांना आधी सांगा.