मुनीमजी आणि दोनशे चांगले मेल

आज दिवसभर लातूरला, एका डाळमिलच्या ऑफिसात. मेल सर्व्हरवर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स होतंच, त्याला स्पॅम, म्हणजे नको असलेले मेल, गुण देऊन ओळखणारं स्पॅमअसॅसिन जोडायचं होतं. जोडणी तासाभरात झाली. चाचणीसाठी जीट्यूब नावाची एक ठरलेली ओळ असते, ती मेलमध्ये टाकली की थेट १००० गुण, म्हणजे पक्का स्पॅम. शेठ खूश! "एवढे मार्क तर आमच्या पोरालाबी पडले नाहीत."

खरी मजा पुढं. बेझचा, म्हणजे आधीच्या मेलवरून शिकून स्पॅम ओळखणारा, भाग कामाला लागायला किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवावे लागतात. स्पॅम पोत्यानं होतं. चांगले मेल? मुनीमजी वाचलं की पुसतात. "हिशोब वहीत उतरला, मग ठेवायचं कशाला?" तीस वर्षांची शिस्त ती, काय बोलणार! शेवटी सेंट फोल्डर आणि शेठच्या मोबाईलमधून जमवाजमव केली.

दुपारी एका जुन्या दलालाचा तुरीच्या भावाचा मेल अडकला. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत, आत मजकूर नाही, नुसता दरपत्रकाचा फोटो. गुण ५ च्या वर, म्हणजे स्पॅम. नशीब, मी मेल पुसायला नाही, वेगळ्या फोल्डरात टाकायला सांगितलं होतं. मुनीमजी चष्मा वर करून म्हणाले, "सायेब, ह्या माणसाला वळखत नाही व्हय तुमचं मशीन?"

दलालाचा पत्ता लगेच 'याला अडवू नको' यादीत टाकला. तोवर भाव मात्र हलला होता. शेठ काही बोलले नाहीत, पण दुसरा चहा आला नाही.